टॉमला बोलायला लावू नका : मुलांच्या एका कार्टून चॅनलला खुलं पत्र

प्रति,
कार्यक्रम काय आणि कसा लागणार हे ठरवणारी मंडळी,
आमच्या घरी दिवसभर चालू असणारं ते कार्टून चॅनल (नाव घेत नाही, तुमचं तुम्हाला कळेल)

विषय : मांजर व उंदीर यांच्या तोंडी घातलेले हिंदी डायलॉग काढून टाकणेबाबत.

स.न.वि.वि.

विषयाची ओळ पाणीपुरवठ्याच्या अर्जासारखी झालीये, कल्पना आहे, पण मी आयुष्यात फार पत्रं लिहिली नाहीत आणि जी लिहिली ती अशीच होती, त्यामुळे चालवून घ्या. पत्र तुम्हाला असलं तरी उघडं ठेवतोय, कारण तुमच्या हेल्पलाइनवर दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळेस मला रिचार्जबद्दल विचारण्यात आलं.

तर मागचा रविवार. मी ओट्यापाशी पोह्यांचा कांदा चिरत होतो, बाहेर माझी साडेसहा वर्षांची मुलगी आणि माझी आई टीव्हीसमोर. टॉम अँड जेरी लागलं. आणि नुसतं टॉम अँड जेरी नाही, तर ती पियानोवाली, 'द कॅट कन्सर्टो'. १९४७ ची, ऑस्कर मिळालेली. मी सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आलो, कारण त्या फिल्मची सुरुवात मला सोडवत नाही. टॉम कोट घालून स्टेजवर येतो, वाकून नमस्कार करतो, बसतो, सगळं एकदम सावकाश, एखाद्या बुजुर्गासारखं. हॉल शांत. आणि त्या शांततेनंतर लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी, म्हणजे पियानोवर वाजणारी रचना, सुरू होते.

तुमच्याकडे त्या शांततेत एक माणूस हिंदीत बोलत होता. कुठल्यातरी जुन्या हिरोची नक्कल करत. टॉम बसला की "लो जी, हम बैठ गए", टॉमनं बोटं उचलली की "अब बजाएंगे हम", आणि त्यावर दुसरा, नाकातून बोलणारा, म्हणजे जेरी असणार, जो त्या वेळी पियानोच्या आत गाढ झोपलेला आहे बरं का, तो झोपेत पण बोलत होता. लिस्ट कुठंतरी खाली, शेजारच्या फ्लॅटमध्ये रेडिओ लागल्यासारखा.

आईनं माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

हा प्रश्न आमच्या घरात टॉम अँड जेरीबद्दल याआधी कोणीही कधीही विचारला नव्हता. म्हणून हे पत्र.

मी मूळचा मिरजेचा. १९९६ साली आमच्या गल्लीत केबल आली, आमचा टीव्ही चौदा इंची, आणि संध्याकाळी शाळेतनं आलो की दप्तर टाकून कार्टून. घरात माझी आजी. चौथी शिकलेली, मराठी बोलणार, बाजारातलं कानडी समजणार, हिंदी सिनेमातल्या गाण्यांपुरती, इंग्रजी शून्य. टीव्हीवरच्या सगळ्या गोष्टी तिला कोणीतरी समजावून सांगाव्या लागायच्या, बातम्या सोडून. फक्त ही सात मिनिटं अशी होती की जिथं ती आम्हाला समजावून सांगायची. "आता बघ, हा इस्त्री ठेवतोय ना, त्याच्याच डोक्यात पडणार." पदर तोंडाला लावून हसायची, खोकला येईपर्यंत.

आम्हाला लहानपणी तिनंच 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' सांगितलेली. लेकीकडं जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते म्हणणारी म्हातारी, वाटेत वाघ बसलेला, आणि ती भोपळ्यात बसून त्याच्या नाकासमोरनं निघून जाते. तर आजीचं म्हणणं असं की हा उंदीर म्हणजे ती म्हातारीच. आणि बोक्याबद्दल तिचं एक मत होतं जे मी नंतर कुठल्या जाणकाराकडूनही ऐकलं नाही. ती म्हणायची, "त्याला भूक नाहीये रे, त्याला खोड आहे." परत बघा. एकदम बरोबर आहे. टॉमला घरात दूध मिळतं, फ्रिज भरलेला असतो. तो खाण्यासाठी पळतच नाही.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिच्या जागेवर माझी आई बसते आणि माझ्या जागेवर मुलगी, आणि मधे तुम्ही येऊन बसलाय.

अजून एक कारण सांगतो, म्हणजे हा नुसता आठवणीत रमलेला माणूस आहे असं वाटायला नको. मी मराठी नाटकांना पार्श्वसंगीत ऑपरेट करतो, अठरा वर्षं झाली. संगीत देणारे वेगळे, मी क्यूवर बटण दाबणारा. एका फार्समध्ये प्रसंग असा होता की नवरा घाबरून मागच्या खिडकीतून उडी टाकतो, आणि विंगेमागे भांडी पडल्याचा आवाज होतो, तो माझ्याकडे. उडी आणि आवाज यात किती थांबायचं हे आम्ही तालमीत चार दिवस बसवत होतो. एक, दोन, आणि धडाम. एकवर दिला तर कोणी हसत नाही, तीनवर दिला तर लोकांना वाटतं ऑपरेटर झोपला (एकदा झोपलो होतो, तेही सांगतो). तर इस्लामपूरच्या प्रयोगाला नवीन मुलगा होता मित्राच्या भूमिकेत, त्याला ती दोन सेकंदाची शांतता सहन झाली नाही आणि तो मधेच म्हणाला, "अरे, पडला वाटतं!" मग माझी भांडी पडली. हॉल गप्प. दीडशे प्रयोगांत हमखास येणारा हशा त्या दिवशी आला नाही. प्रयोग संपल्यावर आमचे दिग्दर्शक बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "लोक मनात जे म्हणणार होते, ते तू म्हणून टाकलंस."

तुम्ही दर रविवारी सकाळी हेच करताय. तेही सात मिनिटं सलग.

आता तक्रारी सांगतो, जमेल तशा.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची. तुमचा समज असा दिसतो की या फिल्ममध्ये कोणी बोलत नाही म्हणजे जागा रिकामी आहे, प्लॉट पडून आहे, बांधून टाकू. ती रिकामी नाहीये हो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० ते १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम स्टुडिओत अशा ११४ फिल्म केल्या, त्यात बार्बेरा गोष्ट आणि गमती काढायचे आणि हॅना टायमिंग बसवायचे, आणि टायमिंग म्हणजे आपण म्हणतो तसं मोघम नव्हे. सेकंदाला चोवीस फ्रेम. बारा फ्रेमला एक ठोका धरला तर सेकंदात दोन ठोके, म्हणजे टॉम पायरीवरनं कुठल्या ठोक्याला घसरणार, कुठल्या ठोक्याला थबकणार, हे आधी कागदावर उतरलेलं असायचं, अक्षरशः मात्रा मोजून. मग त्यावर स्कॉट ब्रॅडली हे संगीतकार पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायचे. चोरपावलांना वेगळं वाद्य, पळापळीला वेगळं, पळता पळता भिंतीवर आपटला की सगळे एकदम. आपल्याकडे तमाशात सोंगाड्याच्या बोलण्यावर ढोलकीवाला थाप टाकतो ना, ती थाप म्हणजेच अर्धा विनोद असतो, तसंच, फक्त इथं बोलणंपण वाद्यांनीच करायचं.

आणि ब्रॅडली म्हणजे काही गमतीजमतीचे आवाज काढणारा माणूस नव्हता. १९४४ च्या एका फिल्ममध्ये जेरी कुत्र्याच्या खोट्या मुंडक्याखाली लपून पळतो, तिथं त्यांनी शोनबर्ग या आधुनिक संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत वापरलीये, जी ऐकायला मैफिलीला बसलेले लोक पण कुरकुरतात. इथं आमच्या गल्लीतली पोरं ती ऐकून लोळत होती. २०१३ साली लंडनला बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात या संगीताचा एक भाग भरल्या सभागृहात पूर्ण ऑर्केस्ट्रानं वाजवला. आणि तुम्ही त्याच्यावर "अबे साले, रुक" टाकलंय.

टॉमची ती किंकाळी सुद्धा, शेपूट दारात अडकल्यावरची, ती स्वतः हॅना यांच्या आवाजातली आहे. ती तुम्ही काढून दुसरी टाकलीत. कशासाठी? किंकाळी कुठल्या भाषेत होती?

तुम्ही म्हणाल की टॉम मूळ फिल्ममध्ये पण बोलतो की कधी कधी. बोलतो. 'माउस ट्रबल'मध्ये (१९४४) तो उंदीर पकडण्याचं पुस्तक पोस्टानं मागवतो आणि त्यातला एकेक उपाय करत मार खात जातो. पुस्तक म्हणतं, कोपऱ्यात सापडलेला उंदीर लढत नाही. मग कोपऱ्यात जे काय होतं ते होतं, आणि सुजलेला, पट्ट्या बांधायच्या लायकीचा झालेला टॉम कॅमेऱ्याकडे बघून भुतासारख्या खोल आवाजात एकच वाक्य बोलतो, यावर विश्वास ठेवू नका अशा अर्थाचं. हसू का येतं? कारण तो एरवी तोंडच उघडत नाही. घरातलं अबोल माणूस वर्षातनं एकदा बोललं की सगळं जेवणाचं ताट थांबतं, तसं. तुमच्याकडे तो आधीच चार मिनिटं बडबडतोय, मग त्या वाक्याला कोण विचारतो. 'सॉलिड सेरेनेड'मध्ये तो मोठा डबल बेस वाजवत चक्क गाणं म्हणतो, प्रेयसीच्या खिडकीखाली. तुमच्याकडे त्या गाण्यावर पण कॉमेंट्री. गाण्यावर!

दुसरी तक्रार, चित्राची. शेवटच्या काही वर्षांतल्या सोडल्या तर या फिल्म जुन्या, जवळपास चौकोनी पडद्यासाठी काढलेल्या आहेत. तुम्ही त्या दोन्ही बाजूंनी ओढून आजच्या टीव्हीभर केल्यात. टॉम गरोदर दिसतो. जेरी तर घुशीसारखा दिसतो, माझी मुलगी खरंच म्हणाली, बाबा हा वेगळा उंदीर आहे का. आणि मग त्या ओढलेल्या चित्राच्या खाली तुमची जाहिरातीची पट्टी, चॉकलेट घातलेल्या बिस्किटांची, मधनंच वर येते आणि नाचते. आता मला सांगा, उंदराचं बीळ कुठं असतं? भिंतीच्या तळाशी. जमिनीलगत. सगळी गोष्ट ज्या दोन इंचात घडते बरोब्बर तिथं तुम्ही बिस्किट ठेवलंय. मागच्या आठवड्यात टॉम बिळासमोर काहीतरी ठेवून दबा धरून बसला होता, काय ठेवलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, फुटल्यावर कळलं.

तिसरी, ब्रेक. सात मिनिटांची फिल्म आहे. सात. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांना त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात पण तुम्ही ब्रेक घेता, आणि कुठं घेता तर टॉम गच्चीवरनं पुढं पळत गेलाय, खाली जमीन नाही, अजून त्याला कळलेलं नाही, तो खाली बघतो, आणि ब्रेक. चार मिनिटं जाहिराती. परत येतो तेव्हा तो आधीच पडलेला असतो. मधली सेकंदं गेली कुठं? कापलीत ना?

चौथी तक्रार लोकांना क्षुल्लक वाटेल पण मला नाही. तुम्ही सुरुवातीची पाटी कापता. म्हणजे फिल्मचं नाव नाही, कोणी केली ते नाही, संगीत कोणाचं ते नाही. या मालिकेला सात ऑस्कर मिळाले आणि सातही निर्माते फ्रेड क्विम्बी यांनी जाऊन घेतले, ज्यांनी चित्रं काढली, टायमिंग बसवलं त्या हॅना-बार्बेरांना स्टेजवर बोलावलंच नाही. म्हणजे त्यांच्या हयातीत एकदा झालं ते झालं. निदान पाटीवर तरी नाव होतं त्यांचं, ब्रॅडलींचं. ती आठ-दहा सेकंदं होती फक्त. आमच्याकडे नाटकाच्या सुरुवातीला घोषणा होते, त्यात नेपथ्य, प्रकाश, संगीत, सगळ्यांची नावं येतात, आणि माझ्यासारख्या ऑपरेटरचं नाव आलं की माझी मुलगी पहिल्या रांगेतनं टाळ्या वाजवते. एवढंच तर मिळतं हो.

कापाकापीवरनं आठवलं, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल की हा सगळंच जुनं डोक्यावर घेऊन नाचतोय. यातल्या काही फिल्ममधे घरातली कामवाली कृष्णवर्णीय बाई ज्या पद्धतीनं दाखवलीये, आणि स्फोटानंतर तोंड काळं झाल्यावर जे विनोद केलेत, ते आज बघताना मलाच कसंतरी होतं. मुलांच्या चॅनलवर ते नसलेलंच बरं. अमेरिकेत मोठ्यांसाठीच्या डीव्हीडीवर व्हूपी गोल्डबर्ग ही कृष्णवर्णीय अभिनेत्री सुरुवातीला येऊन सांगते की हे चूक होतं, पण झालंच नाही असं भासवणंही चूक आहे, म्हणून ठेवलंय. ती एक पद्धत झाली. तुम्ही अशी फिल्म लावू नका, माझी हरकत नाही. पण जी लावता ती धडपणे लावा. आणि गंमत बघा, जे कापायला हवं ते मी तुमच्याकडे दोनदा जसंच्या तसं बघितलंय, आणि कापली काय तर पाटी.

आता भाषेचं. हे पत्र कोणी मराठी विरुद्ध हिंदी म्हणून पुढं पाठवू नये अशी विनंती. माझं हिंदीशी भांडण नाही. उद्या तुम्ही खूश करायला म्हणून टॉमला मराठी बोलायला लावलंत, एखाद्या पुढाऱ्याची नाहीतर दादा कोंडक्यांची नक्कल करणारा आणून बसवलात, तरी मी हेच पत्र पाठवणार. मला मराठी डबिंग नकोय. मला डबिंगच नकोय. हे एक कार्टून असं होतं की जे माझी आजी मिरजेत आणि कुठली तरी आजी मदुराईत आणि कोणी प्रागमध्ये (तिथं तर पुढं १९६१-६२ साली याच मालिकेच्या तेरा फिल्म झाल्या) सारखंच बघत होती, कुणाला कुणी दुभाषी लागत नव्हता. हिंदी न येणारं माणूस तुम्ही नव्यानं बाहेर काढलंत.

मला माहितीये तुम्ही काय सांगणार. रेटिंग. की बोलणं टाकलं की मुलं जास्त वेळ थांबतात. असेल. मी तुमचे आकडे बघितलेले नाहीत. मी माझ्या घरातल्या दोन प्रेक्षकांकडे बघितलंय. मुलगी तुमच्या आवाजावर बसते हे खरं, पण ती टीव्हीकडे न बघता बसते, खाली मान घालून रंगवत, कारण काय चाललंय ते आवाजच सांगतोय, वर बघायची गरज काय. मी जुनी डीव्हीडी लावली (आहे माझ्याकडे, ओरखडे पडलेली, कॅट कन्सर्टो त्यात नाही हे माझं नशीब) तर तिनं खडू खाली ठेवला. एवढाच माझा सर्व्हे.

आणि तुम्ही म्हणाल, आवाज नको तर म्यूट करा. केलं. तुमचे दोन माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर अख्खा ऑर्केस्ट्रा पण गेला. आईला तीन मिनिटांत डुलकी लागली.

मागण्या. फार नाहीत.

मूळ आवाजातलं टॉम अँड जेरी आठवड्यातनं एकदा तरी लावा. रविवारी सकाळी आठ ते साडेआठ द्या, तुमचं बाकीचं हिंदी खुशाल चालू दे. किंवा ते जमत नसेल तर सेट टॉप बॉक्सवर भाषा बदलायचं बटण असतं, क्रिकेटला चालतं, तिथं मूळ साउंडट्रॅकचा एक पर्याय ठेवा, आम्ही शोधून दाबू.

चित्र ओढू नका. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत, आम्हाला चालतात.

फिल्म चालू असताना खाली बिस्किट नको. दोन फिल्मच्या मधे दाखवा, हवी तेवढी दाखवा, एकाच्या जागी चार दाखवा. सात मिनिटांत ब्रेक नको.

सुरुवातीची पाटी ठेवा.

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. एखाद्या रविवारी आठ वाजता लागलं तर आम्हाला कळेलच. आईला मी अजून काही उत्तर दिलेलं नाही, तो काय म्हणतोय ते.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक
(आधी मिरज, सध्या पुणे)

ता.क. : मूळ साउंडट्रॅक आमच्याकडे आलेलाच नाही, असं कृपया सांगू नका. मी रविवारी रात्री तोच एपिसोड हेडफोन लावून परत ऐकला. तुमच्या त्या दोघांच्या बोलण्याखाली तो पूर्ण आहे. पियानोच्या पट्ट्यांच्या जागी जेरी उंदराचा सापळा लावतो आणि टॉमचं बोट त्यात सापडतं, तिथला ठोका पण आहे, फक्त त्याच्यावर कोणीतरी "आईला" म्हणतंय.